तीन महिन्यांत दोनच उद्दिष्टे : सोलापूरच्या लहान कारखानदारांसाठी

अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील टॉवेलच्या एखाद्या कारखानदाराला या वर्षी काय करायचे आहे असे विचारले, तर यादी लांबत जाते : निर्यातीची नवी मागणी मिळवायची, आणखी दोन माग बसवायचे, बाथरोब शिवायला सुरुवात करायची, ऑनलाइन विक्री सुरू करायची, थकलेली येणी वसूल करायची आणि कामगारांची गळती थांबवायची. यातले प्रत्येक काम योग्यच असल्यामुळे कोणतेही सोडवत नाही. मग सहाही कामे एकदम हाती घेतली जातात, दर आठवड्याला प्रत्येक थोडेथोडे सरकते आणि वर्ष संपताना पुरे झालेले एकही नसते. ही यादी दोनवर कशी आणावी, ते येथे सांगितले आहे. उदाहरणे यंत्रमागाची असली तरी गारमेंट, बेकरी किंवा यंत्राचे सुटे भाग बनवणाऱ्यांनाही हीच पद्धत वापरता येईल.

सुरुवात अंदाजाने न करता नोंदींनी करावी. एक साधी वही मुकादमाकडे द्यावी आणि दोन आठवडे प्रत्येक माग केव्हा थांबला, किती वेळ थांबला आणि कशामुळे थांबला, एवढेच त्यात लिहायला सांगावे : सूत आले नाही, बीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) तयार नव्हता, डिझाइन बदलले, वीज गेली, मेकॅनिक मिळाला नाही, कामगार गैरहजर होता. त्याच दोन आठवड्यांत मालकानेही आपला वेळ कशात गेला, हे रोज संध्याकाळी चार ओळींत लिहावे. या दोन वह्या शेजारी ठेवल्या की मालक ज्या कामात दिवसभर गुंतलेला असतो ते आणि माग ज्या कारणाने थांबतात ते, ही दोन्ही एकच आहेत की वेगळी, हे लगेच दिसते.

त्यानंतर कारखान्याची सर्वांत अरुंद जागा शोधावी. व्यवस्थापनतज्ज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी मांडलेल्या सिद्धांताचा गाभा असा की, कोणत्याही साखळी कामात एकूण उत्पादन सर्वांत संथ टप्प्याच्या वेगानेच ठरते. समजा, मागांवरून रोज २,००० टॉवेल उतरतात, पण शिलाई विभागातून १,५०० च बाहेर पडतात. अशा वेळी कर्ज काढून दोन नवे माग बसवले, तर गाडीत भरला जाणारा माल एका टॉवेलनेही वाढणार नाही. वाढेल तो शिलाईपुढचा ढीग आणि त्यात अडकलेले सुताचे पैसे. त्यामुळे शिलाईची क्षमता वाढवणे हे पहिले उद्दिष्ट ठरते आणि नव्या मागांचा विषय निदान तीन महिन्यांसाठी बाजूला पडतो. माझ्या मते या संपूर्ण पद्धतीतील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे, कारण इथे काय वगळायचे याचा निर्णय मालकाच्या आवडीवर न राहता मोजमापावर होतो.

हातात किती काम अर्धवट आहे, हेही मोजावे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सोपा आहे : चालू असलेल्या ऑर्डरींना रोज पूर्ण होणाऱ्या ऑर्डरींनी भागले की एका ऑर्डरीला सरासरी लागणारे दिवस मिळतात. ६० ऑर्डरी चालू असतील आणि रोज ५ पूर्ण होत असतील, तर प्रत्येकीला सरासरी १२ दिवस लागतात. कामाचा वेग तोच ठेवून एका वेळी ३० च ऑर्डरी आत घेतल्या, तर तो काळ ६ दिवसांवर येतो. बाकीच्या ऑर्डरी कागदावर रांगेत थांबतात. मात्र त्यांचे सूत अडकत नाही, त्यांच्यासाठी बीम भरून पडत नाही आणि गिऱ्हाइकाला माल मिळण्याची खरी तारीख सांगता येते.

आता मालाच्या प्रकारांकडे वळावे. मागील बारा महिन्यांची बिले काढून प्रत्येक डिझाइनमागे आणि प्रत्येक गिऱ्हाइकामागे किती रक्कम सुटली, हे उतरत्या क्रमाने लिहावे. बहुतेक ठिकाणी वरची थोडी नावे मोठा हिस्सा आणतात आणि खालची लांबलचक यादी फार थोडे देते. त्या खालच्या डिझाइनांसाठी बीम बदलण्यात, उभे धागे पुन्हा जोडण्यात आणि पहिला माल बिघडण्यात गेलेला वेळ वहीतून काढून वजा केला, तर त्यातली काही डिझाइने चक्क तोट्याची निघतात. मोठ्या कंपन्यांनाही हे करावे लागले आहे : १९९७ मध्ये ॲपल कंपनी एक अब्ज डॉलरहून अधिक तोट्यात असताना स्टीव्ह जॉब्स यांनी बहुतेक उत्पादने बंद करून संगणकांचे चारच प्रकार ठेवायचे ठरवले आणि पुढच्याच आर्थिक वर्षात कंपनी नफ्यात आली. आपल्याकडे जुन्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे जिवावर येते, हे मान्य आहे. म्हणून त्याला रिकाम्या हाताने न पाठवता, ते डिझाइन नियमित विणणाऱ्या दुसऱ्या कारखान्याशी जोडून द्यावे.

दोन उद्दिष्टे निवडताना सोलापूरचे वर्ष डोळ्यांसमोर असावे. शालेय गणवेश शिवणाऱ्यांनी जूनपूर्वीच्या धावपळीत नवे यंत्र किंवा नवी हिशेबपद्धत आणू नये. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आणि गड्डा (तिच्यासोबत भरणारी जत्रा) असतो, तेव्हा हजेरीवर अवलंबून असलेले उद्दिष्ट त्या पंधरवड्यात ठेवू नये.

वसुली हे उद्दिष्ट निवडले, तर कायदा पाठीशी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक छापावा आणि मुदतीची तारीख ठळक लिहावी.

निवडलेली दोन उद्दिष्टे आकड्यांसह फलकावर लिहावीत, उदाहरणार्थ ‘३१ मार्चपर्यंत शिलाई रोज २,००० टॉवेल’. अनेक कामगारांच्या घरची भाषा तेलुगू असल्याने फलक मराठीबरोबर तेलुगूतही असावा. उरलेल्या कामांची वेगळी यादी करून प्रत्येकापुढे पुन्हा विचार करण्याची तारीख घालावी, म्हणजे ती मनात घोळत राहत नाहीत. दर सोमवारी पाळी सुरू होण्यापूर्वी मुकादम, शिलाईप्रमुख आणि हिशेबनीस यांच्यासह पंधरा मिनिटे याच दोन आकड्यांवर बोलावे. मध्येच नवी कल्पना आली, तर ती दुसऱ्या यादीत लिहावी. ती खरोखर तातडीची असेल, तर चालू दोनपैकी कोणते उद्दिष्ट थांबवायचे हे त्याच बैठकीत ठरवून मगच तिला फलकावर जागा द्यावी.