मटका सोडणाऱ्याच्या घरी पहिला महिना

शपथ घ्यायला लावू नका. देवाची नको, पोरांच्या डोक्यावर हात ठेवून तर नकोच. आमच्या ह्यांनी जोतिबासमोर घेतलेली शपथ पुढच्या पगारापर्यंत टिकायची. आम्ही इचलकरंजीचे. मागावरचा पगार आठवड्याला होतो आणि मटक्याची चिठ्ठी फाडणारा त्या दिवशी बरोबर टपरीपाशी उभा असतो. म्हणून आधी पैशाची वाट अडवा, मनाचं नंतर बघू.

मी कारखान्याचा हिशेब बघणाऱ्या दिवाणजींना भेटून पगार माझ्या हातात द्यायला सांगितलं, पण ह्यांना शेजारी उभं करून. पाठीमागून केलं असतं तर रागानं दुसरा कारखाना धरला असता.

मग मोबाइल. पैसे पाठवायचं ॲप काढून टाकलं की झालं, असं वाटतं. ते दोन मिनिटांत परत येतं. एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा अंक, मुदतीची तारीख आणि ओटीपी एवढ्यावर नवा यूपीआय पिन निघतो, तेव्हा कार्ड तुमच्या कुलपात हवं. आधारच्या ओटीपीवरही पिन बनतो, म्हणून त्यांच्या खात्यात पैसेच ठेवू नका. पण खिसा अगदी रिकामाही नको. चहा-तंबाखूपुरते सुट्टे रोज द्या. खिशात दहा रुपये नसले की माणूस उधारी मागतो, आणि उधारीवर आकडा घेणारे गल्लोगल्ली आहेत.

उधारीची एक वही करा. सुरुवातीला अर्धंच सांगतील, हे धरून चाला. नावावरच्या कर्जांचा क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो त्यांच्यासमोरच काढा. ॲपवरची कर्जं, सोनेतारण त्यात दिसतं. माझी बोरमाळ कुठे गेली ते मला तिथंच कळलं. भिशी, साडू, दोस्त, सावकार मात्र त्यात येत नाहीत. ते विचारून विचारून काढावे लागतात.

माहेरून पैसे आणून सगळं एकदम फेडू नका, कुणी कितीही गळ घातली तरी. डोक्यावरचं ओझं उतरलं की पाय पुन्हा तिकडेच वळतात. महिन्याला थोडं थोडं, आणि ते तुम्ही स्वतः नेऊन द्या. पैजेच्या पैशासाठी कोर्टात दावा चालत नाही, १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० आहे. परवाना नसलेला सावकार दारात आला तर सहकार खात्याच्या निबंधकांकडे तक्रार करता येते.

सगळ्यात अवघड वेळ म्हणजे दुपारचा ओपन आणि संध्याकाळचा क्लोज, म्हणजे मटक्याचे आकडे फुटायच्या दोन वेळा. त्या वेळेला हे चप्पल घालायचे, काढायचे, परत घालायचे. कुणाचा फोन वाजला तरी दचकायचे. मी ब्लाउज शिवते, तर त्या वेळेला ह्यांना हूक लावायला बसवलं. पहिले काही दिवस दहा लावले की चार उलटे. मी गुपचूप उसवून परत लावायची. बोलले असते तर उठून गेले असते. हुक्की बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ हात गुंतलेले हवेत. झोप उडते, जेवण जात नाही, पोरांवर वसकन ओरडतात. दारू सुटतानाही असंच होतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन आहेच.

हिशेब समजावत बसू नका. एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ मिळतात. दहाही आकड्यांवर दहा-दहा लावले तर शंभर जातात, नव्वद येतात. हे मला ह्यांनीच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर खेळायलाही गेले होते.

मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या रमीवर बंदीचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला, तरी चोरट्या लिंका येतातच. मोबाइलचा नंबर बदला. त्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही, तेव्हा डॉक्टरांपाशी मोकळं बोलायला घाबरू नका. ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तोंडातून आलं तर नाटक समजू नका. एकटं सोडू नका आणि लगेच १४४१६ला, सरकारच्या मनाच्या आजारांसाठीच्या टेलिमानसला, फोन लावा. फुकट आहे, रात्रीबेरात्रीही उचलतात, मराठीत बोलतात. आमच्याकडची माणसं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराला जातात.

आणि परत खेळले तर? आदळआपट करून उपयोग नाही. वहीत तारीख, रक्कम आणि पैसे कुठून मिळाले एवढं लिहा. शेवटचं सगळ्यात कामाचं, कारण वाट तिथूनच फुटलेली असते. आमच्याकडे ती सासूबाईंच्या पदराच्या गाठीतून निघाली. लेकानं तोंड पाडलं की शंभराची नोट सुटायची. आता त्यांचे पैसेही माझ्या कपाटात असतात. आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, पण देतात.