मध्ययुगीन इंग्रजी रोमान्स अभ्यासताय? मग या चुका टाळा

एमए इंग्लिशचे पेपर, सेमिनारच्या स्लाइड्स, प्रोजेक्ट, सेट-नेटच्या तयारीच्या वह्या असं सगळं वाचून वाचून आता कुठली चूक येणार ते मला पान उलटायच्या आधीच कळतं. शिव्हलरी (नाइट म्हणजे घोडेस्वार सरदार-योद्ध्यांचे वागण्याचे नियम) आणि रोमान्स (इथे नुसती प्रेमकथा नव्हे, नाइटांच्या साहसाच्या गोष्टी) हा टॉपिक मिळाला की मुलं खूश होतात, नाइट, घोडा, तलवार, किल्ल्यातली राजकन्या, सगळं लहानपणापासून ओळखीचं. आणि ओळखीचं म्हणून मूळ पुस्तक कुणी उघडतच नाही. मग जे व्हायचं ते होतं.

दहा आज्ञांची ती यादी

ही माझी सगळ्यात जुनी डोकेदुखी, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे. नेटवर शोधलं की शिव्हलरीच्या दहा आज्ञा मिळतात. चर्चची शिकवण मान, दुबळ्यांचं रक्षण कर, जन्मभूमीवर प्रेम कर, शत्रूपुढे माघार घेऊ नको, खोटं बोलू नको, हात सढळ ठेव वगैरे. वाचायला झकास, पाठ करायला सोपी, स्लाइडवर एकदम फिट्ट बसते. फक्त ही यादी मध्ययुगातली नाहीये. लिऑन गोतिए नावाच्या फ्रेंच विद्वानाने १८८४ च्या त्याच्या पुस्तकात ती स्वतः बनवली. जुन्या फ्रेंच वीरकाव्यांमधून त्याला जे दिसलं त्याचा त्याने काढलेला सारांश आहे तो, कुठल्या नाइटने गुडघे टेकून ही दहा कलमं म्हटलेली नाहीत.

एकदा एका व्हायव्हाला मी बसलो होतो. पोराने मेहनत घेतली होती, नाही म्हणणार नाही. जुन्या पिवळ्या कागदाची बॅकग्राउंड, वळणदार फॉन्ट, वर ठळक अक्षरात 'चौदाव्या शतकातला दस्तऐवज', आणि खाली त्या दहा आज्ञा. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम शांतपणे म्हणाल्या, कुठल्या हस्तलिखितात आहे हे? पोरगा बिनधास्त म्हणाला, ब्रिटिश म्युझियममध्ये. मॅडम म्हणाल्या, बरं, मग ती चौथी आज्ञा जन्मभूमीवर प्रेम करा म्हणते, ती जन्मभूमी इंग्लंड की फ्रान्स? यावर जी शांतता पसरली ती चहा येईपर्यंत टिकली. खरी गंमत पुढच्या चॅप्टरमध्ये होती, तिथे त्याने प्रत्येक नाइटला या दहा आज्ञांवर मार्क दिले होते. गवेनला दहापैकी आठ, लान्सलॉटला सहा. लान्सलॉट नापास व्हायचा राहिला एवढंच.

माझी सवय सांगतो. बाहेरची यादी आणायच्या आधी त्या पुस्तकातच कुणी शपथ घेतलीय का ते शोधायचं, आणि ती सापडली की तिच्या आधीची दहा-बारा पानं वाचायची. मॅलरीच्या 'ल मोर्त दार्थर'मध्ये, म्हणजे आर्थर राजाच्या गोष्टींच्या पुस्तकात, अशी शपथ आहे, राउंड टेबलचे म्हणजे आर्थरच्या दरबारातले नाइट ती दर पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला घेतात. खून करायचा नाही, राजद्रोह करायचा नाही, दया मागेल त्याला दया दाखवायची, बायकांना मदत करायची, पैशासाठी चुकीच्या बाजूने लढायचं नाही. आता आधीची पानं बघा. आर्थर-ग्विनिव्हिअरच्या लग्नात तीन जण तीन कामगिऱ्यांवर निघतात. गवेन एका हरलेल्या नाइटला दया नाकारतो, त्या नाइटची बाई मधे पडते आणि गवेनच्या वाराने तिचंच मुंडकं उडतं. ते मुंडकं गळ्यात अडकवून, धड घोड्यावर पुढ्यात घेऊन त्याला दरबारात परत यावं लागतं. त्या तिघांतला पेलिनोर तर घाईत असतो, वाटेत झऱ्यापाशी एक मुलगी जखमी नाइटला घेऊन मदतीसाठी हाका मारत असते, हा थांबत नाही. परत येताना ती मेलेली सापडते, आणि नंतर जादूगार मर्लिन सांगतो की ती तुझीच मुलगी होती. या सगळ्या राड्यानंतर ती शपथ येते. म्हणजे नियम आधी आणि नाइट नंतर असं नाहीये, आधी माणसांनी घाण केली आणि मग नियम लिहावा लागला. हे एकदा दिसलं की मार्क द्यायचा खेळ आपोआप सुटतो.

आणि आवृत्ती कुठली ते लिहा रे बाबांनो! कॅक्स्टन या मुद्रकाने ३१ जुलै १४८५ ला हे पुस्तक छापून संपवलं, आणि १९३४ मध्ये विंचेस्टर कॉलेजात एक हस्तलिखित सापडलं ज्यात बराच मजकूर वेगळा आहे. याच शपथेत विंचेस्टरमध्ये विधवांचा उल्लेख आहे, बायकांवर जबरदस्ती केली तर मृत्युदंड असं स्पष्ट कलम आहे, कॅक्स्टनमध्ये ते गळलंय, बायकांना मदत करा एवढंच राहिलंय. तुमच्या हातात कॅक्स्टनचा मजकूर आणि तुम्ही ज्या लेखावरून मुद्दा उचलला त्यात विंचेस्टरचा, मग वाक्य सापडत नाही म्हणून रात्री अकराला मला मेसेज. त्यात आणखी एक, बहुतेक अभ्यासक ज्या थॉमस मॅलरीला लेखक मानतात त्याच्यावर दरोडा, गुरंचोरी, बलात्कार असे आरोप होते, खटला कधी उभा राहिला नाही पण तो बरीच वर्षं तुरुंगात होता, आणि पुस्तकातही तो स्वतःला कैदी नाइट म्हणवतो. अशा माणसाच्या हातून ही शपथ लिहिली गेली हे लक्षात ठेवून वाचा.

गवेन बाईच्या नादाला लागला म्हणून हरला

नाही. नाही. नाही. 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट'वरच्या दर गठ्ठ्यात हे वाक्य असतंच, आणि ज्याने लिहिलंय त्याने समरी वाचलीय किंवा २०२१ चा सिनेमा बघितलाय हे त्या एका वाक्यावरून कळतं. सिनेमात तर गवेन अजून नाइट झालेलाच नाही. कवितेत तो आधीच नावाजलेला आहे, तो जिथे पाहुणा म्हणून उतरतो त्या किल्ल्याच्या मालकाची बायको पहिल्याच सकाळी त्याला चिडवते की तू खरा गवेन नसणारच, खऱ्या गवेनने एव्हाना एक तरी किस मागितला असता. ही चेष्टा कळायला त्याची आधीची कीर्ती माहीत असावी लागते.

कवितेत नक्की काय होतं ते नीट बघा. ग्रीन नाइट आर्थरच्या दरबारात येऊन म्हणतो, माझ्यावर एक वार करा, वर्षाने मी तसाच वार परत करेन. गवेन त्याचं मुंडकं उडवतो, तो मरत नाही, आणि वर्ष संपत आलं की गवेन शब्द पाळायला ग्रीन चॅपल या ठरलेल्या जागी निघतो, वाटेत हा किल्ला लागतो. किल्ल्याचा मालक बर्टिलाक आणि गवेन यांच्यात करार आहे, दिवसभरात ज्याला जे मिळेल ते संध्याकाळी एकमेकांना द्यायचं. पहिल्या दिवशी बर्टिलाक हरणं आणतो, गवेन एक किस देतो. दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, दोन किस. तिसऱ्या दिवशी कोल्हा, तीन किस. इथवर हिशोब चोख. बाईने जे केलं त्यात गवेन कुठेही घसरलेला नाही, तिने दिलेली सोन्याची अंगठीसुद्धा त्याने नाकारली. पण मग ती कमरेचा हिरवा रेशमी पट्टा काढते आणि सांगते की हा बांधला की कुणी मारू शकत नाही, फक्त माझ्या नवऱ्याला सांगू नकोस. उद्याच मान कापायला द्यायची आहे, गवेन तो घेतो. आणि संध्याकाळी तीन किस देतो, पट्टा लपवतो.

चूक इथे आहे. जिवाची भीती वाटली आणि दिलेला शब्द मोडला. म्हणून ग्रीन चॅपलपाशी कुऱ्हाडीचे पहिले दोन वार नुसते हुलकावणीचे, तिसऱ्याला मानेवर ओरखडा. ग्रीन नाइट, म्हणजे बर्टिलाकच, स्वतः हे समजावून सांगतो, पहिले दोन दिवस तू खरा वागलास, तिसऱ्या दिवशी कमी पडलास, पण जिवावर प्रेम होतं म्हणून, त्यामुळे मी तुला कमी दोष देतो. लेखकाने पात्राच्या तोंडून उत्तर लिहून दिलंय आणि तरी आपण पेपरात 'मोहाला बळी पडला' लिहितो! गवेन स्वतः मात्र चिडून आदम, सॉलोमन, सॅमसन, डेव्हिड यांची नावं घेत बायकांवर घसरतो, आणि मुलं ते त्याचं वाक्य उचलून कवितेचं मत म्हणून छापतात. चिडलेल्या माणसाच्या बोलण्यावर किती विश्वास ठेवायचा हे आपल्याला एरवी बरोबर कळतं की.

शेवटही बघायचा. तो शरमेने मेल्यासारखा परत येतो आणि दरबार हसतो, सगळे जण तसाच हिरवा पट्टा घालायचं ठरवतात. त्यांना समजलं का, की त्यांनी त्याची लाज फॅशन करून टाकली? यावर भांडा, पानं भरा, मला आवडेल. माझ्या मते दरबाराला काही कळलेलं नाही.

मी पहिल्यांदा कुठलाही रोमान्स वाचताना मार्जिनमध्ये एवढंच लिहितो, कोणी कोणाला काय शब्द दिला, आणि तो कुठे मोडला. पेन्सिलीने. थीम, सिम्बॉलिझम, गवेनच्या ढालीवरच्या पेंटँगलचे (पाच टोकांच्या ताऱ्याचे) पाच पंचक सगळं नंतर. पेंटँगल तर असं काही घोकतात मुलं, पाच इंद्रियं, पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, मेरीचे पाच आनंद, पाच सद्गुण, आणि ढालीच्या आतल्या बाजूला मेरीचं चित्र आहे हे विसरतात. ते चित्र लढताना फक्त गवेनलाच दिसतं, त्याला धीर मिळावा म्हणून आहे ते.

बारीकसारीक, पण डोकं फिरवणाऱ्या

आर्थरला इंग्लिश राजा म्हणू नका. जेफ्री ऑफ मनमथ या इतिहासलेखकाने ११३८ च्या सुमारास जो आर्थर रंगवला तो ब्रिटन लोकांचा राजा आणि तो सॅक्सनांना बडवतो, म्हणजे इंग्लिशांच्याच पूर्वजांना.

त्याच जेफ्रीच्या पुस्तकात राउंड टेबल शोधू नका, ते वास नावाच्या कवीने ११५५ मध्ये आणलं. लान्सलॉटही शोधू नका, तो फ्रेंच कवींकडून आला.

विंचेस्टरच्या ग्रेट हॉलमध्ये भिंतीवर टांगलेलं टेबल आर्थरचं नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीचं आहे, आणि रंग आठव्या हेन्रीच्या काळातला.

चिलखत इतकं जड की नाइटला क्रेनने घोड्यावर चढवायचे, हे सिनेमातलं आहे. लढाईचं पूर्ण चिलखत साधारण वीस-पंचवीस किलो असायचं आणि ते अंगभर वाटलेलं असायचं.

चॉसरची 'सर थोपस' गंभीरपणे समीक्षायला घेऊ नका. ती घिसापिट्या रोमान्सची टिंगल आहे, इतकी की 'कँटरबरी टेल्स'मधला होस्ट, म्हणजे प्रवाशांना गोष्टी सांगायला लावणारा सराईवाला, गोष्ट सांगणाऱ्या चॉसरलाच मधेच थांबवून सांगतो तुझी यमकं शेणाच्याही लायकीची नाहीत.

सगळीकडे कोर्टली लव्ह

नाइट, दुसऱ्याची बायको, लांबून झुरणं, हा कोर्टली लव्हचा म्हणजे दरबारी प्रेमाचा साचा एकदा हातात आला की मुलं तो प्रत्येक गोष्टीवर ठोकतात. ही संज्ञा चर्चेत आणली गास्तों पारिस या फ्रेंच विद्वानाने, १८८३ मध्ये, एका फ्रेंच काव्यावर लिहिताना. पुढे १९३६ मध्ये सी. एस. लुइस या समीक्षकाने नम्रता, सौजन्य, व्यभिचार आणि प्रेमाचा धर्म अशी चार लक्षणं सांगितली आणि ती चार लक्षणं आपल्याकडच्या नोट्समध्ये अजून मुक्कामाला आहेत. पण इंग्रजीतले रोमान्स उघडून तर बघा. 'किंग हॉर्न'मध्ये रिमेनहिल्ड स्वतःच हॉर्नच्या मागे लागते आणि शेवट लग्नात. 'सर ऑर्फियो' स्वतःच्या बायकोसाठी राज्य सोडून दहा वर्षं रानात राहतो. 'हॅव्हलॉक'चं तर प्रेमाशी सुरुवातीला काही घेणंदेणंच नाही, डेन्मार्कचा राजपुत्र ग्रिम नावाच्या कोळ्याच्या घरी वाढतो, दुष्काळ पडतो म्हणून लिंकनला जाऊन स्वयंपाक्याचे मासे वाहतो, आणि गोल्डबरोशी त्याचं लग्न जबरदस्तीने लावलं जातं, तिचा अपमान व्हावा म्हणून. रात्री त्याच्या तोंडातून उजेड येताना दिसतो तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव येतो. यात झुरणं कुठे बसवणार?

आणि जिथे झुरणं आहे तिथे जिच्यासाठी झुरतायत तिला विचारा. चॉसरच्या 'नाइट्स टेल'मध्ये पॅलमन आणि आर्सिट एमिलीसाठी एकमेकांचा जीव घ्यायला निघालेत, दोन्हीकडे शंभर शंभर नाइट, मोठं मैदान बांधलंय. ती देवळात जाऊन डायनाला काय मागते? मला लग्नच नको, मूलबाळ नको, शिकार करत रानात फिरायचंय. पेपरात या प्रार्थनेवर एक ओळही नसते, पॅलमन जास्त लायक की आर्सिट यावर मात्र तीन पानं.

मूळ भाषा अवघड आहे हो सर

आहे की. पण चॉसर तुम्हाला वाटतो तेवढा नाही, मोठ्याने वाचा, लिहिलंय तसं. नाइट शब्द त्या काळी जवळपास 'क्निख्त' असा म्हणायचे, क आणि ख दोन्ही ऐकू यायचे, देवनागरीची सवय असलेल्याला खरं तर हे सोपं जातं. गवेनची बोली वायव्य मिडलँड्सची, ती जड आहे, तिथे समोरासमोर छापलेलं भाषांतर घ्या, पण महत्त्वाच्या ओळी मूळातून बघा. रॉचेस्टर विद्यापीठाच्या टीम्स मालिकेत बहुतेक रोमान्स तळटिपांसकट ऑनलाइन फुकट आहेत. ऑचिनलेक हस्तलिखित, १३३० च्या दशकातलं, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने पानापानाच्या फोटोंसकट टाकलंय, 'सर ऑर्फियो' त्यातच आहे. फुकट म्हटलं की आपण एरवी रांग लावतो, इथे मात्र कुणी फिरकत नाही, सगळे एका पानाची समरी शोधतात. आता तर एआयला विचारून तयार उत्तर आणतात, आणि त्यातही गवेन मोहाला बळी पडलेला असतो.

क्रमाचं विचाराल तर पहिल्यांदा मॅलरी उचलू नका, ते भलं मोठं पुस्तक आहे, निम्म्यात सोडून द्याल. 'सर ऑर्फियो' सहाशे ओळींच्या आसपास आहे, एका बैठकीत होतो. मग 'हॅव्हलॉक', मग एमिलीची प्रार्थना शोधत 'नाइट्स टेल', मग गवेन, जमलं तर डिसेंबरात, गोष्टही नाताळ-नववर्षातलीच आहे. मॅलरी उन्हाळ्याच्या सुट्टीत घ्या, विंचेस्टरवरून केलेली आवृत्ती, आणि सोबत पेन्सिल.