वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी: पट्ट्यापासून तुरटीपर्यंत

वस्तरा हातात घेतला की भीती वाटते ती गळ्याची. त्रास मात्र होतो तो बोथट पात्याचा. नवशिक्यांचे गाल सोलवटतात, मानेवर लाल पुरळ उठतं आणि आठ-पंधरा दिवसांत वस्तरा कपाटात जाऊन पडतो. दोष हाताला दिला जातो, पण बहुतेक वेळा हाताचा संबंध नसतो. धार नसते, नाहीतर केस नीट भिजलेले नसतात. म्हणून या लेखात पातं चेहऱ्याला जरा उशिरा लागेल.

आधी वस्तरा कोणता ते ठरवा

आपल्याकडच्या सलूनमध्ये दिसतो तो अर्ध्या ब्लेडचा वस्तरा. कारागीर नवं ब्लेड कागदातून न काढताच मधोमध दुमडतो, कट्ट आवाज होतो, एक अर्धं वस्तऱ्याच्या पट्टीत सरकतं आणि दुसरं कागदासकट बाजूला राहतं. एकच पातं पुसून सगळ्यांना वापरायची जुनी पद्धत मागे पडली हे फार बरं झालं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात आणि नुसतं पुसून पातं निर्जंतुक होत नाही. सलूनमध्ये गेलात तर ब्लेड आपल्यासमोर बदलायला सांगा, संकोच करू नका. घरातला वस्तराही एकट्याचाच असावा. बाप-लेकांतसुद्धा वाटून घेऊ नये.

दुसरा प्रकार अखंड पात्याचा. पाठीकडे जाड, मध्ये दोन्ही बाजूंनी खोलगट आणि धारेकडे कागदासारखा पातळ. जर्मनीतलं सोलिंगेन आणि इंग्लंडमधलं शेफील्ड ही या कामाची नावाजलेली गावं. पात्यावर ‘सोलिंगेन’ हे नाव कोणी टाकायचं यावर जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं बंधन आहे. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. नवशिक्याला पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश, म्हणजे साधारण १६ ते १९ मिलिमीटरचं पातं सोयीचं. टोक गोल असलेलंच घ्या. टोकदार पातं मिशी कोरायला छान, पण कानाची पाळी पहिल्याच दिवशी त्याच्या तावडीत सापडते.

‘अर्ध्या ब्लेडच्या वस्तऱ्यावर हात बसवा, मग अखंड पात्याकडे वळा’ असा सल्ला सर्रास मिळतो. स्वस्त पडतो म्हणून ठीक आहे, पण तो सोपा असतो हे मला पटत नाही. तो वजनाला हलका असतो, त्यामुळे नकळत दाब दिला जातो. शिवाय नव्या ब्लेडची धार इतकी कडक की कोन जरा चुकला की रक्त आलंच. अखंड पातं स्वतःच्या वजनाने चालतं आणि चूक थोडी पोटात घालतं. ऐपत असेल तर सरळ अखंड पातं घ्या. नसेल तर सलूनचा वस्तरा घ्या आणि पट्टा व दगडाचे भाग सोडून बाकीचं सगळं तसंच करा, फक्त दाब आणखी कमी.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात जुना वस्तरा दिसला तर तो काचेवर आडवा ठेवून बघा. पाठ आणि धार दोन्ही काचेला टेकल्या पाहिजेत. धारेला टवका गेला असेल किंवा धारेलगतच गंज असेल तर तो तिथेच ठेवून या. पाठीवरचे काळे डाग मात्र चालतात. नवा घ्या की जुना, तो दाढीसाठी दगडावर लावलेला आहे का हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. कारखान्यातून आलेल्या धारेने दाढी होईलच असं नाही. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणारे नक्षीदार मुठीचे वस्तरे शोभेचे असतात. त्यांच्या पोलादाला धार टिकत नाही.

पट्टा

वस्तऱ्याची दाढी जमते की नाही हे इथे ठरतं, म्हणून हा भाग घाईने वाचू नका. चामडी पट्टा धार ‘लावत’ नाही. धारेची कड इतकी बारीक असते की एका दाढीत ती कुठे कुठे वळते. पट्ट्यावर ती पुन्हा सरळ होते आणि तिला तकाकी येते. पट्ट्याला सहसा दोन बाजू असतात, एक जाड कापडाची आणि एक चामड्याची.

१. पट्टा खिडकीच्या गजाला किंवा भक्कम हुकाला अडकवा आणि दुसरं टोक डाव्या हाताने ताणून धरा. मध्ये झोळ आला तर धार गोल होते.

२. पातं पट्ट्यावर सपाट ठेवा. पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या हव्यात.

३. पाठ पुढे आणि धार मागे, अशा रीतीने पातं ओढा. उलट केलंत तर पट्टा कापला जाईल.

४. टोकाला आल्यावर पातं पाठीवर पलटा. पाठ पट्ट्यावरून उचलायचीच नाही, धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला येते. सगळी गोम या पलटण्यात आहे. आधी थांबा, मग पलटा, मग ओढा. हालचालीतच पलटायला गेलात की पट्ट्यावर अर्धचंद्राची खूण उमटते आणि धारही जाते.

५. कापडी बाजूवर वीसेक आणि चामड्यावर पन्नासेक फेऱ्या पुरतात. जाऊन-येऊन एक फेरी धरा.

सराव आधी लोणी लावायच्या सुरीने करा. चार-पाच दिवस संध्याकाळी टीव्हीसमोर बसून नुसतं पलटत राहिलं तरी मनगट शिकतं. वेगाची गरज नाही. जुन्या कारागिरांचा सटासट चालणारा हात बघून ती नक्कल करायचा मोह होतो, तो आवरा. दाढी पट्ट्याआधी करू नका आणि पट्टा ओल्या पात्याने मारू नका. चामडं भिजलं की फुगतं आणि मग काही कामाचं राहत नाही.

केस भिजवणं आणि फेस

कोरडा केस चिवट असतो आणि भिजल्यावर पुष्कळच मऊ पडतो. पण पाणी मुरायला दोन-तीन मिनिटं लागतात. म्हणून दाढी आंघोळीनंतर करा. ते जमत नसेल तर गरम पाण्यात पिळलेला पंचा चेहऱ्यावर धरून बसा. साबणाने चेहरा धुऊन तेल-घाम काढून टाका, नाहीतर पाणी केसापर्यंत पोहोचतच नाही.

श्रावण पाळून महिनाभर दाढी वाढवली असेल किंवा सुतक संपलं असेल तर थेट वस्तरा लावू नका. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने खुंटापर्यंत आणा. दोन दिवसांची वाढ सगळ्यात सोयीची.

फेसासाठी ब्रश आणि वाटी घ्या. डुकराच्या केसांचा ब्रश असेल तर दाढीच्या आधी पाच मिनिटं पाण्यात ठेवा, कृत्रिम केसांच्या ब्रशला ती गरज नाही. फेस साध्या दाढीच्या साबणाचाही उत्तम होतो, महागडी डबी लागत नाही. पाणी मात्र महत्त्वाचं आहे. बोअरच्या जड पाण्यात साबण फाटतो, पांढरा चोथा तरंगतो आणि फेस दोन मिनिटांत चेहऱ्यावर सुकतो. अशा ठिकाणी पिण्यासाठी बसवलेल्या आरओचं कपभर पाणी घ्या. फरक लगेच दिसेल. फेस दह्याइतका दाट आणि चकाकणारा हवा. त्यात मोठे बुडबुडे दिसले तर अजून घोळवा, कोरडा वाटला तर ब्रशच्या टोकाने दोन थेंब पाणी घाला. कॅनमधला फुगलेला फेस इथे कामाचा नाही. तो केस उभे करतो, पण पात्याखाली लागणारा ओशटपणा देत नाही.

केसांचा रोख ओळखा

दोन दिवसांच्या दाढीवर बोट फिरवा. ज्या दिशेने गुळगुळीत लागतं तो केसांचा रोख, ज्या दिशेने टोचतं तो उलटा. गालांवर तो बहुधा वरून खाली असतो. मानेवर मात्र काहीही असू शकतं. कित्येकांचे केस मानेवर खालून वर किंवा चक्क आडवे वाढतात आणि त्यांची सगळी तक्रार मानेवरच असते. एकदा कागदावर चेहरा काढून बाण मारून ठेवा. पोरकट वाटेल, पण आरशावर चिकटवलेला तो कागद पहिले काही दिवस खूप कामाला येतो.

पातं चेहऱ्यावर

वस्तरा उघडा, पण मूठ पात्याच्या सरळ रेषेत ठेवू नका. ती वर, आभाळाकडे वळवा. पातं आणि मूठ यांच्या मधल्या दांडीवर वरून तीन बोटं, खालून अंगठा आणि दांडीच्या मागे निघालेल्या वळलेल्या शेपटीवर करंगळी. पकड पेन धरल्याइतकीच असावी.

आता दुसरा हात. वस्तऱ्यापेक्षा हाच हात जास्त काम करतो. कातडी ताणलेली नसेल तर पात्यापुढे तिची घडी उभी राहते आणि कापते ती हीच घडी. फेसाने बोटं घसरत असतील तर ती तुरटीवर घासा, पकड येते.

पातं गालावर सपाट टेकवा आणि पाठ थोडी उचला. पात्याचा कातडीशी कोन साधारण ३० अंश झाला पाहिजे, म्हणजे पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्या जाडीच्या दुपटीएवढी फट. यापेक्षा जास्त उचललं की खरवडतं, कमी ठेवलं की केस ओढले जातात. मग दाब न देता इंचभर खाली या. पातं नेहमी धारेच्या काटकोनातच सरकलं पाहिजे. सुरीने भाजी चिरताना हात जसा पुढे-मागे सरकतो तसा इथे कणभर जरी सरकला तरी चीर पडते. वस्तऱ्याच्या जवळपास सगळ्या जखमा अशाच होतात.

आवाज ऐका. कोन आणि धार ठीक असेल तर बारीक, कोरडी खरखर ऐकू येते. आवाज अजिबात नाही आणि ओढ बसते आहे, असं झालं तर थांबा, पुन्हा पट्टा मारा.

पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल करा, कल्ल्यापासून जबड्याच्या हाडापर्यंत. बाकीचं रोजच्या रेझरने उरका, त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या आठवड्यात मान घ्या आणि ओठ-हनुवटी सगळ्यात शेवटी. डाव्या गालासाठी डावा हात वापरायचा की उजवाच चेहऱ्यासमोरून न्यायचा, यावर दोन मतं आहेत. मी डाव्या हाताच्या बाजूने आहे. तो शिकायला थोडे दिवस जास्त घेतो, पण उजवा हात आडवा आला की आरशात गाल दिसतच नाही.

अवघड जागा तीन. कंठमणी: त्याच्यावरून पातं नेऊच नका. तिथली कातडी बोटाने बाजूला ओढा आणि सपाट जागेवर आणून दाढी करा. वरचा ओठ: ओठ दातांवर खाली ताणून घ्या, नाक वर उचला आणि अगदी छोटे हात मारा. हनुवटी: केस इथे सगळ्यात राठ आणि हाड गोल, म्हणून फेस इथे आधी लावा आणि दाढी इथे शेवटी करा, तेवढा वेळ केस मुरतात.

एक फेरा रोखाच्या दिशेने झाला की चेहरा धुवा, पुन्हा फेस लावा आणि दुसरा फेरा आडवा मारा. ऑफिसला जायला एवढं पुष्कळ झालं. सलूनमध्ये विचारतात ना, ‘उलटा मारू का?’ तो तिसरा, रोखाविरुद्धचा फेरा. तो कोन सरावाचा झाल्याशिवाय नको. ज्यांचे केस कुरळे आहेत, ज्यांना वारंवार केसतोड होतो, त्यांनी तो कायमचाच सोडून द्यावा. मुरुमं पिकलेली असताना, किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असताना वस्तरा बाजूलाच ठेवावा.

वस्तरा हातातून निसटला तर झेलायला जाऊ नका, मागे सरका. बेसिनमध्ये आधीच एक पंचा अंथरून ठेवा. आणि फेस झटकायला पातं नळावर आपटायची सवय असेल तर ती आजच सोडा, एका टकरीत टवका जातो.

दाढीनंतर

गार पाण्याने चेहरा धुवा. ओली तुरटी सगळीकडे फिरवा, अर्धा मिनिट थांबा आणि धुऊन टाका. बारीक ओरखड्यांचं रक्त तिने थांबतं. शिवाय कुठे चुरचुरतं त्यावरून हात कुठे जड पडला ते कळतं. चुरचुर रोज एकाच जागी होत असेल तर तिथला रोख पुन्हा तपासा.

पातं धुवा आणि मऊ कागदाने पाठीकडून धारेकडे पुसा, धारेवरून लांबीने नाही. पातं मुठीला जोडणाऱ्या खिळ्याजवळच्या फटीत पाणी राहतं, तिथे कागदाचं टोक घाला. तासभर उघडं ठेवून मग मिटा. कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात एवढ्याने भागत नाही, पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब चोळा आणि वस्तरा बाथरूममध्ये ठेवू नका. प्रवासात तो विमानाच्या केबिनमधल्या बॅगेत चालत नाही, चेक-इन सामानात टाका.

दगड कधी

पट्टा नीट मारूनही ओढ बसू लागली की दगडाची वेळ आली. आठवड्यातून तीन-चार दाढ्या करणाऱ्याला ती काही महिन्यांनी येते. इथे पट्ट्याच्या उलट, धार पुढे ठेवून पातं सरकवतात. कोनाची चिंता नसते, कारण पाठ आणि धार दोन्ही टेकवल्या की पात्याची घडणच कोन ठरवते. दगडाचा बारीकपणा ग्रिटमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. नुसती मंदावलेली धार ८००० ग्रिटच्या दगडावर थोड्या हलक्या फेऱ्यांत परत येते. १००० ग्रिटचा दगड टवका काढण्यापुरताच, उगाच लावला तर पातं झिजतं. स्वयंपाकघरातला सुऱ्यांचा दगड किंवा रस्त्यावर सायकलवर धार लावून देणाऱ्याचं चाक, दोन्हीकडे वस्तरा नेऊ नका. त्या चाकाच्या उष्णतेने पोलादाचं पाणी उतरतं आणि ते पातं पुन्हा दाढीच्या उपयोगाचं होत नाही.