शनिवारी रात्री बारमध्ये जाण्याआधी

मुंबई-पुण्यातल्या बार-रेस्टॉरंटच्या ऑनलाइन रिव्ह्यूंमधले नुसते स्टार मोजू नका, कोण कधी गेलं होतं ते वाचा. मंगळवारी दुपारी जेवलेल्याला जागा निवांतच वाटणार. शनिवारी रात्री डीजे सुरू झाल्यावर समोरच्याचं बोलणं ऐकू येतं का, सुरमई फ्राय गरम येते का, हे त्या वेळी गेलेलाच सांगेल.

आणि बिल ओळ न ओळ वाचाच. माझ्या बिलात एकदा ३० मिलीच्या जागी ६० मिलीचा पेग लागला होता. जीएसटी जेवणावर लागतो, दारूवर नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या नियमांनुसार तो आपोआप बिलात लावता येत नाही. नको असेल तर काढायला सांगा. नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.