छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हंगाम कसा पाहावा

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉल म्हटले की लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम आणि दूरचित्रवाणीचे अवाढव्य करार आठवतात. पण कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या तिसऱ्या विभागात, म्हणजे डिव्हिजन थ्रीमध्ये, सुमारे 240 कॉलेजे या झगमगाटापासून दूर राहून हाच खेळ खेळतात. या विभागात खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे मैदानावर दिसणारा प्रत्येक खेळाडू मुळात शिकायला आलेला विद्यार्थी असतो. अशा एखाद्या संघाचा हंगाम नीट समजून घ्यायचा असेल, तर नुसते निकाल वाचून फारसे काही हाती लागत नाही.

पहिला प्रश्न संघाच्या निवडीचा. ओहायोतील माउंट युनियनने 1993 ते 2017 या काळात 13 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, म्हणून नवखा प्रेक्षक साहजिकच तिकडे वळतो. माझे मत वेगळे आहे. बहुतेक सामने पूर्वार्धातच जिंकून मोकळा होणारा संघ पाहून खेळ कळत नाही. मागच्या वर्षी आपल्या गटात मधल्या क्रमांकावर राहिलेला, पाच-सहा सामने जिंकलेला संघ निवडावा. त्याचा जवळजवळ प्रत्येक शनिवार अटीतटीचा असतो.

त्यानंतर वेळापत्रक हाती घ्यावे, आणि या कामाला घाई करू नये, कारण हंगामाचा सगळा अर्थ त्यातच दडलेला असतो. नियमित हंगाम साधारणपणे दहा सामन्यांचा असतो आणि तो सप्टेंबरच्या आरंभापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालतो. यातील सुरुवातीचे काही सामने बहुधा गटाबाहेरच्या संघांशी असतात, तर उरलेले आपल्याच गटातील, म्हणजे कॉन्फरन्समधील, संघांशी. या दोन प्रकारांना वेगवेगळ्या खुणा कराव्यात. बाहेरच्या बलाढ्य संघाकडून झालेल्या पराभवाने गटाच्या विजेतेपदाला धक्का लागत नाही; उलट ऑक्टोबरमध्ये गटातील एखाद्या बरोबरीच्या संघाकडून तीन गुणांनी झालेली हार कधी कधी सगळा हंगाम घेऊन जाते. म्हणून सप्टेंबरमध्ये दोन सामने हरलेला संघ निकामी ठरवण्यापूर्वी तो कोणाशी हरला, हे पाहावे. परक्या मैदानावरचे लागोपाठचे सामने आणि विश्रांतीचा आठवडा कुठे येतो, याचीही नोंद ठेवावी.

खेळाडूंची यादी पाहून मात्र दचकू नये. अनेक संघांत शंभराहून अधिक नावे असतात आणि ती पाठ करण्याची काहीच गरज नसते. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा आणि पास टाकणारा मुख्य खेळाडू, कोणत्या वर्षात शिकतो आणि त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांच्या आक्रमक फळीतील किती जण मागच्या वर्षीही खेळले होते, एवढे दोन प्रश्न पुरेसे आहेत. वेगवान धावपटूचे कौतुक सगळेच करतात. पण त्याला वाट करून देणारी फळी नवखी असेल, तर सप्टेंबरमध्ये तो संघ अडखळणार, असे धरून चालावे.

सामना पाहण्यासाठी लागणारे नियम थोडकेच आहेत. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत, म्हणजे चार डाउन्समध्ये, दहा यार्ड पुढे जायचे असते. ते साधले की नवे चार प्रयत्न मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात चेंडू नेला की टचडाउन होतो, त्याचे सहा गुण; गोलखांबांमधून लाथेने चेंडू मारला की फील्ड गोल, त्याचे तीन. टचडाउननंतर लाथेने एक गुण घ्यायचा की धावून किंवा पास देऊन दोन गुणांचा प्रयत्न करायचा, हा निर्णय प्रशिक्षकाचा असतो. डिव्हिजन थ्रीच्या 2023 च्या अंतिम सामन्यात अखेरच्या टप्प्यात टचडाउन केल्यावर नॉर्थ सेंट्रलने बरोबरीऐवजी थेट विजयासाठी दोन गुणांचा प्रयत्न केला, तो फसला, आणि कॉर्टलँडने 38-37 असे पहिले राष्ट्रीय विजेतेपद पटकावले.

पाहताना चेंडूमागे डोळे फिरवत राहण्यापेक्षा प्रत्येक चालीच्या पहिल्या क्षणाला दोन्ही फळ्यांकडे पाहावे: कोणती फळी मागे ढकलली जाते, यावरून सामन्याचा कल धावफलकाच्या बराच आधी कळतो. सामना संपल्यावर आकडेवारीत दोनच रकाने तपासावेत. एक, चेंडू चुकीने किती वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. दुसरा, तिसऱ्या डाउनवर किती वेळा यश आले. एकूण यार्डांचा आकडा दिसायला मोठा असतो, पण तो बरेचदा फसवतो, कारण हरणारा संघ उत्तरार्धात सतत पास टाकून तो फुगवतो.

दुखापतींकडेही लक्ष असावे. मिनेसोटातील सेंट जॉन्सचे प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी यांनी दुखापती टळाव्यात म्हणून सरावात समोरच्या खेळाडूला पाडण्यावर बंदी घातली होती, आणि 2012 मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर 489 विजय होते.

नोव्हेंबरमध्ये गटाची गुणतालिका दर आठवड्याला पाहावी. 2024 पासून राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेतेपदासाठीच्या बाद फेरीत, 40 संघ घेतले जातात. प्लेऑफच्या व्यवस्थेत सहभागी गटांच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो, तर उरलेल्या थोड्या जागा ठरवताना निकालांबरोबर प्रतिस्पर्ध्यांची ताकदही मोजली जाते. सप्टेंबरमधील अवघड सामने उपयोगी पडतात ते इथे. अंतिम सामना स्टॅग बोल या नावाने 1973 पासून खेळला जातो.

आपला संघ या शर्यतीतून बाद झाला असला, तरी शेवटचा शनिवार चुकवू नये, कारण अनेक कॉलेजे जुन्या प्रतिस्पर्ध्याशी होणारा सामना त्याच दिवसासाठी राखून ठेवतात. इंडियानातील वॉबाश आणि डिपॉ ही कॉलेजे 1890 पासून एकमेकांशी खेळत आहेत, आणि 1932 पासून विजेत्याला मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची सुमारे 136 किलो वजनाची घंटा मिळते. अशा सामन्याचा अंदाज बांधताना हंगामातील आकडेवारीवर फार विसंबू नये. चौथ्या वर्षाचे बहुतेक खेळाडू त्या दिवशी आयुष्यातला शेवटचा सामना खेळत असतात.