ओसीडीचे सोपस्कार थांबवताय? मग या चुका टाळा

ओसीडी म्हणजे नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यांची धास्ती घालवायला धुणं, तपासणं, मनात काही म्हणणं असे सोपस्कार करत राहणं. त्यावरची सगळ्यात परिणामकारक मानसोपचार पद्धत सांगायला एक वाक्य पुरतं. ज्याची धास्ती वाटते त्याला सामोरं जायचं, आणि ती धास्ती घालवायला आपण जो सोपस्कार करतो तो करायचा नाही. ‘एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन’, थोडक्यात ईआरपी. १९६६ साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने दोन रुग्णांवर केलेल्या अशा उपचाराचा अहवाल प्रसिद्ध केला. धुण्याचा सोपस्कार अडवण्यासाठी त्यात रुग्णाच्या खोलीतलं पाणीच बंद ठेवलं होतं.

मुंबईत पाणी बंद ठेवण्याचं काम पालिका रोज करते, तरी त्याने कुणाचा ओसीडी बरा झालेला नाही. पाणी ठरावीक वेळेलाच येतं हे माहीत असलं की सतत हात धुणारा माणूस एक ड्रम जास्तीचा भरून ठेवतो. मेयरच्या रुग्णांसोबत माणसं होती, आणि धास्ती निभावून नेण्याचं काम चाललं होतं. नुसतं अडवलं की सोपस्कार दुसरी वाट काढतो. उपचार सुरू झाल्यावर लोक ज्या चुका करतात त्या बहुतेक याच जातीच्या असतात. जुना सोपस्कार जातो, त्याच्या जागी एक सभ्य दिसणारा नवा येतो, आणि तो सोपस्कार आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

कुलपाचा फोटो काढणं

गॅस, गिझर, इस्त्री, सेफ्टी डोअर. हे दहादा बघायचं सोडलं म्हणून माणूस खूश असतो, कारण आता तो एकदाच बघतो आणि मोबाइलवर फोटो काढतो. मग घाटकोपर येईपर्यंत तो फोटो बोटांनी मोठा करून बघितला जातो. नॉब आडवा दिसतोय की उभा? फोटो आजचाच आहे ना? पुढच्या आठवड्यात फोटोचा व्हिडिओ होतो, मग शेजारच्या काकूंना फोन जातो, “जरा दार ओढून बघता का?” घरात कॅमेरा बसवून घेणारेही आहेत. त्यांचं तपासणं दाराशी संपायचं, ते आता ऑफिसात दिवसभर चालतं.

फोटोमुळे वेळ वाचतो, मग बिघडलं कुठे, असं वाटू शकतं. बिघडतं ते आठवणीवरच्या विश्वासात. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंट या डच संशोधकांनी २००३ साली निरोगी विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. शेवटी काय तपासलं हे त्यांना बरोबर आठवत होतं, पण ती आठवण पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. हे निरोगी माणसांचं झालं. म्हणजे खात्री नाही म्हणून आपण तपासतो हे अर्धंच खरं. तपासतो म्हणूनही खात्री उरत नाही.

म्हणून सवय अशी लावा: नॉब एकदा फिरवायचा, दार एकदा ओढायचं, आणि लिफ्टकडे वळायचं. ‘बंद केलंय’ असं मोठ्याने म्हणायचं नाही, तोही एक शिक्काच आहे. ट्रेनमध्ये शंका येईल, आलीच पाहिजे. तिला उत्तर न देता ऑफिस गाठणं हाच व्यायाम आहे.

घरच्यांचं ‘हो’

“आई, मी चपला बाहेरच काढल्या ना?”
“हो रे.”
“नक्की? तू बघितलंस?”
“बघितलं बाबा. जेव आता.”

यात आईचं काय चुकलं? माया म्हणून काहीच नाही. पण ते ‘हो’ म्हणजे मुलाचा सोपस्कारच, फक्त तो आईच्या तोंडून पार पडतो. दोन मिनिटं बरं वाटतं, मग त्याच प्रश्नाला नवं शेपूट फुटतं. वन रूम किचनमध्ये तर हा आजार एकट्याचा राहूच शकत नाही. न्हाणीघर एक, त्यात एक जण पाऊण तास. बाकीचे बादली घेऊन रांगेत. नवरा ऑफिसातून आला की दारातच कपडे बदलतो, कारण बायकोला लोकलचे कपडे पलंगाजवळ चालत नाहीत. कामवाल्या मावशींना ‘भांडी आम्हीच घासू’ सांगितलेलं असतं. हे सगळं शांततेसाठी केलेलं असतं आणि त्यातून आजार घरभर पाय पसरतो.

हे उमगल्यावर घरचे जी दुसरी चूक करतात ती मला पहिलीपेक्षा वाईट वाटते. एका रविवारी जाहीर होतं, “आजपासून नाटकं बंद.” नळ बंद, साबण कपाटात, प्रश्न विचारला की ओरडा. याला ईआरपी म्हणत नाहीत, ही जबरदस्ती आहे. ईआरपीत सोपस्कार सोडायचं ठरवणारा माणूस रुग्णच असतो.

त्याऐवजी बरं असताना, चहा पिताना वगैरे, दोघांनी बसून ठरवा. एका वेळी एकच गोष्ट. उदाहरणार्थ, या आठवड्यापासून चपलांबद्दलच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही, बाकी सगळं पूर्वीसारखं. उत्तराऐवजी काय म्हणायचं तेही ठरलेलं असावं: “तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला. पण याचं उत्तर मी देणार नाही, आपलं ठरलंय.” आवाज चढवायचा नाही, समजावत बसायचं नाही. पहिले काही दिवस प्रश्न वाढतील, रडारड होईल. सगळ्यात मोठी परीक्षा आजीची असते. तिचं मन द्रवतं आणि ती स्वयंपाकघरातून हळूच ‘काढल्यास हो चपला’ सांगते. तिलाही बैठकीत बसवा.

खात्री देणारे घरात कमी झाले की ती बाहेर शोधली जाते. गूगल, डॉक्टरांना रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप, हल्ली एआय चॅट. ते तर कधी थकतच नाही. त्याला हाच प्रश्न शंभर तऱ्हेने विचारता येतो, म्हणून ओसीडी असलेल्या माणसाच्या हातात ते आईपेक्षा जास्त अवघड.

हात थांबले, मन धूतच राहिलं

काहींचे सोपस्कार बाहेरून दिसतच नाहीत. दादरच्या प्लॅटफॉर्मवर उभं असताना मनात येतं, समोरच्या बाईंना मी ढकललं तर? अंगावर काटा येतो. मग मनात अकरा वेळा रामनाम, किंवा ‘मी तसा माणूस नाही’चा पाढा, किंवा घरी जाऊन पूर्ण प्रसंग डोळ्यांपुढून सरकवायचा, चुकून हात लागला तर नव्हता? गर्दीच्या वेळी स्टेशनच टाळायचं. हे लोक डॉक्टरांनाही सांगतात की मला फक्त विचार येतात, मी काही करत नाही. करतात, पण ते कुणाला दिसत नाही.

असे विचार साध्या माणसांनाही येतात. स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा यांनी १९७८ मध्येच दाखवलं होतं की आजार नसलेल्या बहुसंख्य लोकांच्या मनातही असले नकोसे विचार डोकावतात, आणि मजकूर फारसा वेगळा नसतो. फरक पुढच्या पावलात पडतो. एक जण म्हणतो ‘काय पण डोकं!’ आणि ट्रेनमध्ये सीट शोधायला लागतो. दुसरा त्या विचाराची चौकशी लावतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे विचार दाबून टाकायचा प्रयत्न. ‘हा विचार यायलाच नको’ म्हटलं की तो आला का हे बघायला पहारा बसवावा लागतो, आणि पहारेकऱ्याला तर तो आठवावाच लागतो. दुसरी चूक म्हणजे विचाराशी वाद घालणं. वादात जिंकलात तरी दहा मिनिटं गेलीच. त्यापेक्षा “ढकलेन, कदाचित नाही ढकलणार, बघू” असं अर्धवट सोडून द्यायचं आणि बाकीचे प्रवासी उभे असतात तसंच, पिवळ्या पट्टीच्या मागे, उभं राहायचं. मुद्दाम काठावर जायचं नाही आणि मुद्दाम भिंतीला चिकटायचंही नाही.

रामनाम वाईट का? अजिबात नाही. संध्याकाळी दिवा लावून म्हटलेलं नाम आणि विचार खोडायला म्हटलेलं नाम यांतला फरक म्हणणाऱ्याला आतून कळतो. सोवळ्याचंही तसंच. घरात सोवळं पाळत असतील तर उपचार ते मोडायला सांगत नाही. पण घरातली सोवळं पाळणारी वडीलधारी बाई एकदा पाय धुऊन देवघरात जाते आणि सून सतरा वेळा धुऊनही जाऊ शकत नाही, तर सतराचं ते सोवळं घराण्यातलं नव्हे, आजारातलं. गणपतीसमोर घाणेरडे विचार येतात म्हणून आरतीला न जाणारी मुलं दरवर्षी असतात. त्यांनी आरतीला जावं, विचारांसकट.

आधी शांत होऊ, मग करू

दीर्घ श्वास, ध्यान, लगेच शांत करणारी गोळी. भीतीला सामोरं जाण्याआधी किंवा जाताना या गोष्टी वापरल्या की मन असं शिकतं की मी वाचलो तो श्वासामुळे. शिकायचं आहे ते वेगळंच: काहीही न करता वाचलो. म्हणून लोकलचा दांडा धरल्यावर हात मांडीवर ठेवून बसा, धडधड होऊ द्या. ‘आता भीती किती उरली’ हे दर मिनिटाला मोजत बसू नका, तेही तपासणंच झालं. दांड्याला हात लावताना दोनच बोटं लावणं, लगेच सॅनिटायझरची बाटली चाचपणं, ‘आज रात्री तर आंघोळ आहेच’ असा दिलासा देणं, या पळवाटा धरून शंभरदा केलेला सरावही फुकट जातो.

पायऱ्यांबद्दल थोडक्यात. भीतींची यादी करा, शून्य ते शंभर गुण द्या, तीस-चाळीस गुणांच्या भीतीपासून सुरुवात करा. पहिल्याच दिवशी स्टेशनवरच्या शौचालयाच्या कडीला हात लावून तसाच वडापाव खाणं हे शौर्य होईल, उपचार नाही. पण महिनोन्महिने तीस गुणांपाशीच रेंगाळणं ही जास्त आढळणारी चूक आहे.

पावसाळ्यात काय करायचं?

हा प्रश्न मुंबईकर हमखास विचारतात, आणि तो खरा आहे. पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चालत आलात तर लेप्टोचा, म्हणजे अशा दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा, धोका कल्पनेतला नाही. पालिका दर पावसाळ्यात सांगते की अशा पाण्याशी संपर्क आला तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्या. तेवढं करा, एकदा. ईआरपी म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. मोजमाप साधं ठेवा: शेजारचा समंजस माणूस काय करेल? जेवणाआधी साबणाने २० सेकंद हात धुणं सगळ्यांसाठी ठीक आहे. एकविसाव्या सेकंदापासून पुढचं पाणी आजाराला जातं.

सोपस्कार झालाच तर

होणारच. तेव्हा ‘सगळं मुसळ केरात’ म्हणून दिवस सोडून देऊ नका. झालेला सोपस्कार बिघडवून टाका. हात धुतलेत? आता चपलेला पुन्हा लावा आणि तसेच राहा. मनात ‘मी चांगला माणूस आहे’ म्हणून झालं? ‘कोण जाणे’ अशी पुरवणी जोडा. सोपस्कारातून जो दिलासा मिळाला तो लगेच काढून घेतला की त्याची किंमत उतरते. आणि थांबवता येत नसेल तर लांबवा. पाच मिनिटांनी धुईन, मग दहा. लांबवलेल्यातले काही सोपस्कार राहूनच जातात.

गोळ्या आणि ओपीडी

फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी औषधं ओसीडीत बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त मात्रेत लागतात, आणि गुण कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडणं आणि सहाव्या महिन्यात ‘बरा झालो’ म्हणून सोडणं, दोन्ही घातक. बरं वाटू लागल्यावरही साधारणपणे वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवतात. बंद करायचं ते डॉक्टरांना विचारून, हळूहळू. औषध चालू असताना ईआरपी करता येते, एकाला दुसऱ्याचा अडथळा नाही. फक्त भीती वाटली की लगेच घ्यायची झोपेची किंवा शांत करणारी गोळी सोपस्काराची जागा घेऊ शकते, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

केईएम, नायर, सायन, कूपर या पालिकेच्या आणि जे. जे. या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं. जगणं नको वाटू लागलं असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता आत्ताच फोन लावा. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ कमी, आणि लाजेने नेमकं तेच सांगायचं राहतं. म्हणून घरूनच एका कागदावर लिहून न्या: कोणते विचार येतात, त्यावर काय करता, मनात काय म्हणता, दिवसातला किती वेळ जातो, आणि घरातलं कोण काय काय तुमच्यासाठी करतं. विचार कितीही घाण वाटला तरी लिहा, तिथे असे विचार रोज ऐकले जातात. कागद सुवाच्य हवा म्हणून पुन्हा पुन्हा लिहून काढू नका. खाडाखोड असलेलाच न्या.