लिव्हरचा मार भरून आला म्हणता? या चुका टाळा

अपघातात लिव्हरला मार लागलेला पेशंट दोन-तीन आठवड्यांनी काळी शौच घेऊन आला, तर ती अॅसिडिटी नव्हे. फाटक्या धमनीचं रक्त पित्तनलिकेतून आतड्यात उतरतंय, म्हणजे हिमोबिलिया, असं धरूनच चाला.

मोटारसायकलचं हँडल पोटात घुसलेला एक पोरगा आमच्याकडे होता. ऑपरेशनविना सावरला, ९व्या दिवशी घरी गेला. १९व्या दिवशी उजव्या बरगडीखाली कळ आणि डांबरासारखी शौच घेऊन परत. एंडोस्कोपीत गॅस्ट्रायटिस निघाली (ती कुणाच्या पोटात निघत नाही?) आणि रेसिडेंटने गोळ्या लिहून वाटेला लावला. डोळे पिवळे दिसतायत, असं आई सांगत होती. कुणी खिडकीशी नेऊन बघितले नाहीत. तीन दिवसांनी रक्ताच्या उलट्या, हिमोग्लोबिन ५. कळ, कावीळ, रक्तस्राव ही क्विंकेची त्रयी पाठ सगळ्यांना असते, पण तिन्ही एकदम थोड्याच पेशंटमध्ये दिसतात. तिची वाट बघू नका.

तेव्हापासून डिस्चार्ज कार्डावर 'काळी शौच, पिवळे डोळे, लगेच या' असं मी स्वतः मराठीत लिहितो.

त्या पोराचा तेव्हाचा सीटीही घाईचा, नुसत्या पोर्टल फेजचा, म्हणजे डाय पोर्टल व्हेनमध्ये (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) पोचल्यावर काढलेला. रिपोर्ट 'जखम भरत आहे'. पुन्हा केला तेव्हा आर्टेरियल फेजमध्ये, डाय धमन्यांत असताना, स्यूडोअॅन्युरिझम (फाटक्या धमनीला आलेला रक्ताचा फुगा) मण्यासारखा चमकला. पोर्टल फेजमध्ये तो लिव्हरच्या रंगात विरून गेला होता. आता पेशंट टेबलावर चढण्याआधी, आर्टेरियल फेजही घ्या असं सांगायला मी सीटी रूमला फोन करतो.

फाटकी धमनी बंद करायची कॉइल (धातूची बारीक स्प्रिंग) फुग्याच्या नुसती अलीकडून, म्हणजे रक्त येतं त्या बाजूने, टाकून हात झटकू नका. लिव्हरमधल्या आडवाटांनी रक्त पलीकडून येतं आणि फुगा पुन्हा भरतो. आधी पलीकडे, मग अलीकडे. पोर्टल व्हेन उघडी आहे ना, हे त्याआधीच बघा. लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त तीच पुरवते, म्हणून तर धमनीची फांदी बंद करणं परवडतं.

सोनोग्राफीत गोल पोकळी दिसली की डॉपलर (आत रक्त वाहतंय का ते दाखवणारी तपासणी) लावल्याशिवाय सुई घालू नका; तो हाच फुगा असू शकतो.

सीलियाक अँजिओग्राम (लिव्हरला रक्त देणाऱ्या नेहमीच्या धमनीत डाय सोडून काढलेला फोटो) स्वच्छ आला तर सुपिरियर मेसेंटेरिकमध्येही, म्हणजे आतड्याच्या धमनीतही, कॅथेटर घाला. उजवी हिपॅटिक धमनी कधीकधी तिथून निघते.

एम्बोलायझेशननंतर, म्हणजे धमनी अशी आतून बंद केल्यावर, दोन-चार दिवस बारीक ताप चालतो. लांबला तर अँटिबायोटिक बदलत बसण्याआधी गळू शोधा, पित्ताशयही बघा.